एनडीएत जाऊ पाहणारा मुलगा समलिंगी असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. भाचा सतरा वर्षांचा, बारावीत, एनडीएची (खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची) लेखी परीक्षा दिलेला. आपण समलिंगी आहोत हे त्याने मामाला सांगितले आहे. मामाला तीन गोष्टी विचारायच्या आहेत: समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे दंड विधानाचे कलम ३७७ गेले म्हणजे आता फौजेत अडचण उरली नाही ना, फॉर्ममध्ये किंवा एसएसबीला (सैन्यदलांच्या निवड मंडळाला) हे सांगावे का, आणि पुढे कोणाला कळले तर नोकरी जाईल का.

सरळ उत्तर आधी देतो. प्रवेशाच्या कोणत्याही टप्प्यावर हा प्रश्न विचारला जात नाही, त्यामुळे तो भरती होऊ शकतो. पण ३७७ गेल्याने फौजेत मोकळीक मिळाली, हा समज चुकीचा आहे. आणि नोकरी जाऊ शकते का, तर हो, जाऊ शकते. मात्र 'समलिंगी असणे' एवढ्या कारणावरून शिक्षा देणारे कलम आर्मी ॲक्टमध्ये नाही. शिक्षा होते ती वर्तनाला, आणि त्या वर्तनाची व्याख्या इतकी सैल आहे की सगळी लढाई त्या सैलपणातच होते.

कायद्यापासून सुरुवात करू. ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेज सिंग जोहर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने दोन सज्ञान व्यक्तींमधला, संमतीने आणि खासगीत आलेला संबंध ३७७ मधून बाहेर काढला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात तर ३७७ सारखे कलमच नाही. म्हणजे नागरी कायद्यापुरता विषय संपला. लष्करी कायद्याचा प्रश्न मात्र त्या खटल्यात न्यायालयापुढे नव्हताच. आर्मी ॲक्ट, १९५० मधली तीन कलमे जशीच्या तशी उभी आहेत. कलम ४५: अधिकारी, जेसीओ (सुभेदारासारखे कनिष्ठ अधिकारी) किंवा वॉरंट ऑफिसर यांनी आपल्या पदाला न शोभणारे वर्तन केले तर अधिकाऱ्याला कॅशियर, म्हणजे अपमानास्पद रीतीने बडतर्फ, करण्यापर्यंतची शिक्षा. कलम ४६ चा पोटविभाग (अ): 'क्रूर, अश्लील किंवा अनैसर्गिक स्वरूपाचे लज्जास्पद वर्तन', शिक्षा सात वर्षांपर्यंत कैद. आणि कलम ६३: शिस्तीला बाधक असे कोणतेही कृत्य, इथेही सात वर्षे. हवाई दलाच्या १९५० च्या कायद्यात ४५ आणि ४६ जवळपास याच शब्दांत आहेत. नौदलाचा १९५७ चा कायदा वेगळ्या घाटाचा आहे, पण 'अधिकाऱ्याला न शोभणारे वर्तन' आणि शिस्तभंग ही दोन्ही हत्यारे त्यातही आहेत.

मग या कलमांना घटनेच्या कसोटीवर आव्हान का देऊ नये? आडवे येते ते अनुच्छेद ३३. सैन्यदलांतल्या लोकांचे मूलभूत हक्क शिस्तीसाठी मर्यादित करण्याचा अधिकार हा अनुच्छेद संसदेला देतो. १९६३ च्या राम सरूप खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की आर्मी ॲक्टचे प्रत्येक कलम याच अधिकाराखाली केलेले धरावे लागेल. ही भिंत जुनी आणि जाड आहे. तिला खिंडार पडणारच नाही असे मी म्हणत नाही. शिस्तीशी संबंध नसलेले, सुट्टीत, बंद दाराआड, युनिटबाहेरच्या सज्ञान व्यक्तीशी असलेले नाते 'कर्तव्य नीट पार पाडण्याच्या' आड कसे येते, हा युक्तिवाद मजबूत आहे. पण सतरा वर्षांच्या मुलाने करिअर आखताना न झालेल्या निकालाच्या भरवशावर राहू नये. व्यभिचाराचे उदाहरण समोर आहे. २७ सप्टेंबर २०१८ रोजी व्यभिचाराचा गुन्हा रद्द झाला, सरकार पुन्हा न्यायालयात गेले, आणि ३१ जानेवारी २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींनी स्पष्ट केले की त्या निकालामुळे सैन्यदलांच्या कायद्यांखालची कारवाई अडत नाही. समलिंगी संबंधांबाबत सरकारी वकील हाच दाखला पुढे करतील, हे धरून चालावे. वरिष्ठ पातळीवरचा सूरही कळलेला आहे: जानेवारी २०१९ च्या वार्षिक पत्रकार परिषदेत तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत यांनी, सैन्य परंपरानिष्ठ आहे आणि हे आम्ही सैन्यात चालू देणार नाही, असे जाहीर सांगितले होते. त्यानंतर लेखी धोरणात बदल झालेला नाही.

आता ज्या मुद्द्याकडे सहसा कोणी पाहत नाही त्याकडे येतो. कलम ४६(अ) चा खरा दोष 'अनैसर्गिक' या विशेषणापेक्षा मोठा आहे: त्यात संमती या शब्दाला जागाच नाही. हाताखालच्या जवानाला धमकावून त्याच्यावर हात टाकणारा अधिकारी आणि पुण्यात फ्लॅट घेऊन साथीदाराबरोबर राहणारा अधिकारी, दोघांवर आरोपपत्र एकाच वाक्याचे लागू शकते. पहिल्याला सात वर्षेही कमी पडावीत; दुसऱ्याने कोणाचे काय बिघडवले? पण म्हणून 'हे कलम काढून टाका' ही मागणी करणाऱ्यांनी जरा थांबावे. भारतीय न्याय संहितेत ३७७ गेले आणि त्याच्याबरोबर सज्ञान पुरुषावरच्या लैंगिक बळजबरीचे स्वतंत्र कलमही गेले. बलात्काराची व्याख्या स्त्रीपुरतीच आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदाही तक्रारदार स्त्री असेल तरच लागतो. म्हणजे बराकीत बळी पडलेल्या पुरुष जवानाच्या हाती आज दुखापत, डांबून ठेवणे अशी बाजूची कलमे सोडली तर ४६(अ) हेच मुख्य कलम उरते. ते पुसले तर पीडित उघडा पडेल, ठेवले तर प्रेम करणारा अडकेल. म्हणून हे कलम नव्याने लिहायला हवे: बळजबरी, हुद्द्याचा गैरवापर आणि संमतीचा अभाव यांवर बेतलेले, आणि पीडित कोणत्याही लिंगाचा असला तरी लागू होणारे. हे होईपर्यंत तुमच्या भाच्याला जुन्याच कलमाच्या सावलीत राहायचे आहे.

प्रवेशाची प्रक्रिया. यूपीएससीचा अर्ज, एसएसबीला भरायचा वैयक्तिक माहितीचा फॉर्म, मेडिकल, आणि निवड झाल्यावरचा पोलीस पडताळणीचा फॉर्म, असे चार कागद. यांत लैंगिक कल विचारणारा रकाना नाही. पडताळणीच्या फॉर्ममध्ये अटक, गुन्हा, खटला, शिक्षा हे विचारतात आणि तिथे खोटे लिहिणे हे पुढे केव्हाही नोकरीवरून काढण्याचे कारण ठरते. म्हणून काही नोंद असेल, अगदी बंद झालेली असली तरी, ती लिहावीच. नसेल तर विषयच नाही. जे विचारलेले नाही ते न सांगणे म्हणजे लबाडी नव्हे.

एसएसबीच्या पाच दिवसांत मानसशास्त्रीय चाचण्या असतात: चित्र पाहून गोष्ट, साठ शब्द, साठ प्रसंग, स्वतःचे वर्णन. मुले इथे वेगळ्याच कारणाने अडखळतात. आपले गुपित कागदावर उतरेल या भीतीने ती गुळगुळीत, पाठ केलेली उत्तरे लिहितात आणि मग मुलाखतीतले उत्तर लेखी उत्तराशी जुळत नाही. तिथे पाहतात ते अधिकाऱ्याला लागणारे गुण: जबाबदारी घेणे, गटात मिसळणे, निर्णय. कल शोधणारी चाचणी त्यात नाही. 'गर्लफ्रेंड आहे का' असा प्रश्न मुलाखतीत येऊ शकतो. 'नाही सर' हे खरे आणि पुरेसे उत्तर आहे. काल्पनिक मैत्रीण उभी करू नये, कारण पुढचे चार प्रश्न तिच्यावरच येतात आणि मुलगा तिथेच बुडतो. मेडिकलमध्येही शरीराची तपासणी होते, आवडीनिवडीची नाही.

अकादमीतली परिस्थिती निराळी, आणि कायद्याच्या दृष्टीने उलटी. खडकवासल्याला तीन वर्षे, नंतर आपापल्या दलाच्या अकादमीत पुढचे प्रशिक्षण, आणि मग कमिशन, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूक. कमिशन मिळेपर्यंत कॅडेट हा आर्मी ॲक्टखालचा अधिकारी नसतो. त्यामुळे वर सांगितलेल्या कलमांखालचे कोर्ट मार्शल, म्हणजे लष्करी न्यायालयातला खटला, त्याला लागत नाही, आणि त्या प्रक्रियेतली संरक्षणेही मिळत नाहीत. त्याच्यावर चालतात ते अकादमीचे स्थायी आदेश: रिस्ट्रिक्शन म्हणजे सवलती आणि बाहेर जाणे बंद, रेलिगेशन म्हणजे एक टर्म मागे टाकणे, आणि शेवटी विथड्रॉवल म्हणजे अकादमीतून काढून टाकणे. इथे पुराव्याची पायरी खाली असते आणि निर्णय वेगाने होतो. काढून टाकण्याआधी कारणे दाखवा नोटीस आणि म्हणणे मांडायची संधी मिळालीच पाहिजे. ती न देता काढले तर उच्च न्यायालयात रिट करण्याचा पहिला मुद्दा तोच. खडकवासल्यासाठी ते मुंबई उच्च न्यायालय. नोटीस मिळाल्यावर मुले घाबरून 'स्वेच्छेने' राजीनामा लिहून देतात, तो लिहू देऊ नका. स्वतःच्या मर्जीने प्रशिक्षण सोडणाऱ्याकडून खर्च वसूल करण्याची अट पालकांनी सही केलेल्या कागदात असते. राजीनाम्याने एका सहीत दोन नुकसाने होतात: वसुलीचा दावा अंगावर येतो आणि न्यायालयात भांडायला आदेशच उरत नाही.

सगळ्यात धोक्याची जागा मात्र वेगळी आहे, आणि ती मुलांना कोणी सांगत नाही. एनडीएत प्रवेश साडेसोळा ते साडेएकोणीस या वयात होतो. म्हणजे पहिल्या टर्मचे काही कॅडेट सज्ञान नसतात. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली अठराच्या आतली व्यक्ती, मुलगा असो की मुलगी, बालकच. तिची संमती कायद्याला मान्य नाही. नवतेज जोहरचा निकाल सज्ञानांपुरता आहे. म्हणून एकोणीस वर्षांच्या सीनियरचे सतरा वर्षांच्या ज्युनियरशी दोघांच्या मनाने जुळलेले नाते हा थेट पॉक्सोचा गुन्हा होतो, आणि त्याचा तपास अकादमीचा ॲडज्युटंट (शिस्त पाहणारा अधिकारी) करत नाही, पोलीस करतात. भाच्याला ही गोष्ट नीट, न लाजता, आकड्यांसकट समजावून सांगा. तो अठराच्या आत असेल तेव्हा कोणी सीनियर रगड्याच्या (शिक्षा म्हणून करून घेतलेल्या कसरतींच्या) निमित्ताने कपडे उतरवायला लावत असेल किंवा अंगचटीला येत असेल, तर तो स्वतः याच कायद्याच्या संरक्षणाखाली आहे, हेही त्याच वेळी सांगा. 'तू तसलाच आहेस, तुला चालेल' हे वाक्य अशा प्रसंगी हमखास येते. तक्रार डिव्हिजनल ऑफिसरकडे (कॅडेटांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याकडे), लेखी, तारीख आणि वेळ घालून. तोंडी तक्रार म्हणजे तक्रार नाही.

अकादमीत कोणाला सांगावे? माझे मत स्पष्ट आहे: पहिल्या वर्षी कोणालाही नाही. कोर्समेट जीव देतील असे असतात आणि बहुतेकांना काही फरकही पडत नाही. पण त्या वयात बातमी स्क्वॉड्रनभर पसरायला एक रात्र पुरते, आणि सांगितलेले परत घेता येत नाही. हे भेकडपणाचे नाही, हिशेबाचे बोलणे आहे. घरी एक माणूस असा हवा की ज्याच्याशी रविवारी फोनवर मोकळे बोलता येईल. तो माणूस तुम्ही आहातच.

कमिशननंतर प्रकरणे कशी उघडकीला येतात? कोणी दुर्बीण घेऊन बसलेले नसते. फोन जमा होतो आणि त्यात संभाषण सापडते. कोणी पैशासाठी धमकावतो आणि शेवटी युनिटला पत्र जाते. बायको किंवा सासरचे लोक सीओला (युनिटच्या प्रमुख अधिकाऱ्याला) लिहितात. किंवा साथीदाराशी बिनसते. यांतला फोन हा सर्वात मोठा. जुलै २०२० मध्ये लष्कराने ८९ ॲप काढून टाकण्याचा आदेश दिला. त्यांत फेसबुक, इन्स्टाग्रामबरोबर टिंडरसारखी डेटिंग ॲपही होती. कारण सुरक्षेचे: गोड बोलून माहिती काढणारी बनावट खाती. याचा अर्थ असा की डेटिंग ॲप वापरणे हाच आदेशभंगाचा स्वतंत्र आरोप होतो, समोर मुलगा असो की मुलगी. अशा प्रकरणांत अनेकदा लैंगिकतेच्या नाजूक मुद्द्याला हातही न लावता माणूस आदेशभंगावर टिपता येतो.

आणि धमकी. 'पैसे दे नाहीतर सीओला सांगतो' असा फोन आला तर पहिला रुपयाही देऊ नये. एकदा दिले की दर वाढतो, आणि पुढे प्रकरण सुरक्षेचे बनते, कारण ज्याला दाबता येते तो अधिकारी गोपनीय कामाला अपात्र धरला जातो. संदेश पुसू नयेत. वकील गाठून खंडणीची तक्रार करावी. गुप्तता हीच सुरक्षेला घातक, या मुद्द्यावर इतर देशांतल्या सैन्यांनी समलिंगींवरची बंदी उठवताना भर दिला होता. आपल्याकडे तो अजून कोणी गंभीरपणे मांडत नाही.

कारवाई सुरू झालीच तर क्रम असा. प्रथम कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे लष्कराची अंतर्गत चौकशी. चौकशीत कोणाच्या चारित्र्याचा किंवा लौकिकाचा प्रश्न येत असेल तर आर्मी रूल (आर्मी ॲक्टखालचा नियम) १८० प्रमाणे त्याला पूर्ण वेळ हजर राहण्याचा, साक्षीदारांची उलटतपासणी घेण्याचा आणि स्वतःचे साक्षीदार देण्याचा हक्क आहे. हा हक्क नाकारला तर त्याच दिवशी लेखी नोंदवावे. सहा महिन्यांनी आठवण काढून उपयोग नसतो. रूल १८२ प्रमाणे इथे दिलेला जबाब किंवा कबुली पुढच्या खटल्यात त्याच्याविरुद्ध पुरावा होत नाही. अपवाद एकच, खोटी साक्ष दिल्याचा खटला. म्हणून इथे खोटे बोलू नये. मूळ आरोप टिकला नाही तरी खोट्या साक्षीचा आरोप उभा राहतो. आणि हेही लक्षात ठेवावे की खटल्यात न चालणारा हाच जबाब प्रशासकीय कारवाईच्या नोटिशीला पाया म्हणून वापरला जातो. कमी बोलावे. रूल १८४ खाली कार्यवाहीची प्रत मागावी.

त्यानंतर आरोपाची सुनावणी आणि साक्षीपुराव्याचा गोषवारा, रूल २२ आणि २३. अधिकाऱ्याच्या बाबतीत रूल २५ मुळे ही सुनावणी त्याने मागितली तरच होते. ही मागणी लेखी करावी. पुष्कळ अधिकारी 'उगीच सीओला राग नको' म्हणून मागत नाहीत आणि फिर्यादीची बाजू आधी पाहण्याची संधी घालवतात. जनरल कोर्ट मार्शलमध्ये किमान पाच अधिकारी बसतात आणि वकील देता येतो. जवानावर समरी कोर्ट मार्शल होऊ शकते. ते त्याचा सीओच चालवतो, वकील नसतो, फक्त 'फ्रेंड ऑफ द ॲक्यूज्ड' (आरोपीचा मदतनीस) म्हणून कोणी शेजारी बसतो, आणि सीओ लेफ्टनंट कर्नल किंवा वरचा असेल तर एक वर्षापर्यंत कैद आणि बडतर्फी होते. ही शिक्षा मंजुरीसाठी वर न जाता लगेच लागू होते. सर्वात असुरक्षित तोच, हुद्द्याने खालचा.

मुदत पाहावी: कलम १२२ प्रमाणे गुन्ह्यापासून, किंवा तो सक्षम अधिकाऱ्याला कळल्यापासून, तीन वर्षांनंतर कोर्ट मार्शल चालत नाही. पाच वर्षांपूर्वीचे फोटो कोणी आज पाठवले तर मात्र 'कळले आजच' असा बचाव सरकार घेते.

प्रत्यक्षात वरच्यांना कोर्ट मार्शलपेक्षा रूल १४ सोयीचा वाटतो. खटला चालवणे गैरसोयीचे किंवा अशक्य आहे असे नोंदवून, कारणे दाखवा नोटीस देऊन केंद्र सरकार अधिकाऱ्याची सेवा संपवू शकते. साक्षीदार नाहीत, उलटतपासणी नाही, गाजावाजा नाही. उत्तर देताना तीन गोष्टी मागाव्यात: नोटिशीचा आधार असलेले सगळे कागद, खटला का गैरसोयीचा याची कारणे, आणि नेमके कोणते कृत्य, कुठे, कधी. 'समलैंगिक प्रवृत्ती' असा मोघम शब्द असेल तर त्यावरच बोट ठेवावे, कारण प्रवृत्ती हे गैरवर्तन नव्हे.

अपिलाची वाट: कोर्ट मार्शलविरुद्ध कलम १६४ खालची याचिका, मग सशस्त्र दल न्यायाधिकरण, त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे. सेवेच्या बाबतीत आधी अधिकाऱ्याने कलम २७ आणि इतरांनी कलम २६ खाली तक्रार करायची. अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत न्यायाधिकरणात जायचे. तक्रारीवर सहा महिने उत्तरच आले नाही तर त्यापुढे एक वर्ष मिळते. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केल्यामुळे न्यायाधिकरणानंतर उच्च न्यायालयाचे रिटचे दारही उघडे आहे. या काळात वृत्तपत्राला किंवा वाहिनीला मुलाखत देऊ नये. परवानगीशिवाय माध्यमांशी बोलण्यावर कलम २१ आणि त्याखालच्या नियमांनी बंदी आहे, आणि चांगली केस त्या एका मुलाखतीने बिघडते.

डॉक्टरांबद्दल थोडे. सीओला एखाद्याच्या वागण्याबद्दल शंका आली तर तो एएफएमएसएफ-१० हा अहवाल भरून त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवू शकतो. सैन्यात तंदुरुस्ती ठरवणाऱ्या 'शेप' या वैद्यकीय वर्गवारीतला पहिला घटक मानसिक स्वास्थ्याचा. तिथला दर्जा घसरला की पोस्टिंग, कोर्स, बढती सगळ्याला खीळ. समलिंगी असणे हा आजार नाही: जागतिक आरोग्य संघटनेने तो १९९० मध्येच यादीतून काढला, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ३ प्रमाणे समाजाच्या नैतिक चालीरीतींशी न जुळणे हा मानसिक आजाराचा आधार होऊ शकत नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये 'बरे करण्याचे' उपचार हे डॉक्टरचे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. मेडिकल बोर्डाच्या कागदावर असे निदान आले तर ही तीन वाक्ये अपिलात जशीच्या तशी घालावीत. लष्करी डॉक्टर मात्र रुग्णाचा आणि संस्थेचा, दोघांचा असतो. त्याच्याशी बोललेले गुप्त राहील असे गृहीत धरू नये. उदास वाटत असेल, झोप लागत नसेल, तर ते सांगावे, उपचार घ्यावेत; कारणाचा तपशील देणे बंधनकारक नाही.

घरच्यांनी करायची मोठी चूक म्हणजे 'लग्न लावून देऊ, होईल ठीक'. एका मुलीचे आयुष्य त्यात जाते, ते आधी. शिवाय फौजेत हा मार्ग उलटा फिरतो. बायकोची तक्रार थेट युनिटला जाते, पगारातून ३३ टक्क्यांपर्यंत पोटगी सैन्यच कापून देऊ शकते, आणि लग्नाबाहेरच्या संबंधाचा आरोप आला की वर सांगितलेला २०२३ चा निकाल सरळ लागू पडतो. अविवाहित समलिंगी अधिकाऱ्याची बाजू कायद्याने जितकी मजबूत, तितकीच विवाहिताची लंगडी.

पारलिंगी व्यक्तींचा रस्ता सध्या याहून अरुंद आहे. भरती पुरुष किंवा स्त्री अशीच होते, आणि आर्मी ॲक्टच्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांनाही सरकार अधिसूचित करील त्याच विभागांत घेता येते. नौदलातील साबी गिरी यांनी रजेवर असताना लिंगबदल शस्त्रक्रिया करून घेतली. ऑक्टोबर २०१७ मध्ये, भरतीच्या वेळची लिंगाची स्थिती बदलली असे कारण देऊन, 'सेवेची गरज नाही' या तरतुदीखाली त्यांना काढण्यात आले. पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांच्या २०१९ च्या कायद्याचे कलम ९ नोकरीत भेदभाव नको म्हणते, पण सैन्यभरतीच्या नियमांत त्याचे प्रतिबिंब नाही. वर्दीच घालायची असेल तर पोलीस दल पाहावे: डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ठणकावल्यावर महाराष्ट्र सरकारला शिपाई भरतीच्या अर्जात तृतीयपंथीयांसाठी पर्याय द्यावा लागला.

हे सगळे बदलू शकते का? आपल्या लष्करी कायद्याचे मूळ ज्या ब्रिटनमध्ये आहे, तिथे नागरी कायदा १९६७ मध्ये बदलला, पण सैन्याला त्यातून वगळले आणि बंदी २००० पर्यंत टिकली. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २७ सप्टेंबर १९९९ ला बंदीविरुद्ध निकाल दिला आणि १२ जानेवारी २००० ला ती उठली. तिच्या जागी सर्वांना एकच कसोटी आली: या व्यक्तीच्या वागण्याने दलाच्या कार्यक्षमतेवर परिणाम झाला का, किंवा होण्याची शक्यता आहे का? हुद्द्याचा गैरवापर, नको असलेली लगट, सहकाऱ्याच्या जोडीदाराशी संबंध, हे सारे त्या कसोटीत येते आणि लिंगाचा उल्लेखही लागत नाही. आपल्याकडच्या वरिष्ठांच्या बहुतेक शंकांना इथे उत्तर आहे. उशिराची किंमतही ब्रिटनने मोजली: जुलै २०२३ च्या चौकशी अहवालात ४९ शिफारशी, आणि डिसेंबर २०२४ मध्ये काढून टाकलेल्यांना प्रत्येकी ५०,००० पौंड देणारी योजना.

अमेरिकेत ॲनापोलिसच्या नौदल अकादमीतल्या जोसेफ स्टेफनला १९८७ मध्ये पदवीच्या सहा आठवडे आधी जावे लागले, कारण थेट विचारल्यावर त्याने 'हो' म्हटले. कृत्याचा पुरावा कोणी मागितलाच नाही. पुढे 'विचारू नका, सांगू नका' या, समलिंगी असल्याचे उघड केले की सैन्यातून काढणाऱ्या, धोरणात १३,००० हून अधिक लोक बाहेर गेले. २० सप्टेंबर २०११ ला ते संपले तेव्हा केलेली तयारी आपण उचलण्यासारखी आहे: आधी १,१५,००० सैनिकांची मते, मग तीन थरांत प्रशिक्षण (प्रथम वकील, धर्मगुरू, कर्मचारी विभाग, मग कमांडर, मग सगळे), आणि स्नानगृहे किंवा खोल्या वेगळ्या करायच्या नाहीत असा स्पष्ट आदेश. पारलिंगी सैनिकांबाबत मात्र तिथे २०१६ पासून धोरण सरकार बदलेल तसे उलटसुलट होत आले, कारण ते आदेशांवर उभे होते, कायद्यावर नव्हते.

'आमची तयारी नाही' हा युक्तिवाद खडकवासल्यालाही ऐकलेला आहे. मुलींना एनडीएची परीक्षा देऊ द्यायला सरकारने मे २०२२ पर्यंत वेळ मागितला; सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ चीच परीक्षा घ्यायला लावली. ३० मे २०२५ रोजी १७ मुली तिथून उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या.

तोवर भाच्याच्या हाती जे आहे ते कागदाचे. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०२३ च्या सुप्रियो निकालाने समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही, त्यामुळे साथीदाराला क्वार्टर, वैद्यकीय सोय किंवा कुटुंबनिवृत्तिवेतन मिळणार नाही. पण २८ ऑगस्ट २०२४ च्या वित्त मंत्रालयाच्या खुलाशानुसार संयुक्त बँक खाते उघडता येते आणि त्या खात्यावर साथीदाराला नामनिर्देशित करता येते. मृत्युपत्र साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी होते. साक्षीदार लाभार्थी नसावेत. ते युनिटमध्ये न ठेवता घरी किंवा वकिलाकडे ठेवावे. आणि सेवेतली नामनिर्देशनाची पत्रके भरताना 'नाते' या रकान्यात काय लिहायचे हे सही करण्याआधी वकिलाला विचारावे, कारण ती पत्रके युनिटच्या कार्यालयात अनेकांच्या हातांतून जातात.